डल्सी मॅगुआयरने मेल्यावर घेतलेली लस

१

डल्सी मॅगुआयर गुड फ्रायडेला वारली आणि पुढच्या मंगळवारी तिने करोनाची लस घेतली. यात काहीतरी गडबड आहे हे टर्न पॉइंट वृद्धनिवासात लक्षात यायला सहा महिने लागले. वृद्धनिवासात कोणाला कसलीच घाई नसते.

लक्षात आले तेही सम्झना राईमुळे. सम्झना ही लस टोचणारी नर्स. मूळची नेपाळची, पण टास्मानियाच्या या वाऱ्याने झोडपलेल्या किनाऱ्यावर बरीच वर्षे मुरलेली. वर्षातून दोनदा, हिवाळ्याच्या तोंडावर आणि हिवाळा सरल्यावर, ती निळी शीतपेटी घेऊन गावोगावच्या म्हाताऱ्यांचे दंड गाठायची. ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी तिने सगळ्यांना टोचून झाल्यावर मास्क काढला, सकाळच्या चहाच्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि विचारले, "डल्सी कुठे आहेत? आज त्यांचं नावच नाही. गेल्या खेपेला दंड फार दुखला का त्यांचा?"

टेबलावरचे चमचे थांबले. वूला या ग्रीक म्हातारीने तीनदा क्रूसाची खूण केली. चाकाच्या खुर्चीतली मर्ल, जिला कुठल्याही प्रसंगी गप्प बसणे जमत नसे, ती म्हणाली, "अगं पोरी, तिचं आता काही दुखत नाही. ईस्टरच्या शुक्रवारीच गेली ती. करोनानंच."

"शुक्रवारी कशा जातील? मंगळवारी मी टोचलंय त्यांना! त्यांच्याच खोलीत. माझा हात धरून बसल्या होत्या."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या क्लेम ग्रीव्हने हातातला अर्धा खाल्लेला स्कोन बशीत ठेवला.

"हात गार होता?" त्याने विचारले.

सम्झनाने आठवून पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"हो," ती म्हणाली. "बर्फासारखा."

२

क्लेम ग्रीव्ह हा निवृत्त पोलीस सार्जंट. पण त्याने उभ्या जन्मात एकही खुनी पकडला नव्हता. तो गुरेचोरी पथकात होता. चोरलेल्या मेंढ्या कोणाच्या कळपात मिसळल्या आहेत हे शोधण्यात त्याची हयात गेली होती. मेंढ्या साक्ष देत नाहीत आणि शेतकरी खोटी देतात, त्यामुळे तो कोणाच्याही बोलण्यापेक्षा जमिनीकडे जास्त बघायचा. ही खोड अजून सुटली नव्हती. व्यवस्थापिका लिऑनी ब्लाइद त्याच्याशी बोलायची तेव्हा तो तिच्या बुटांशी बोलायचा.

लिऑनीला डल्सीची बातमी दहा मिनिटांत लागली. स्वागतकक्षात तिने 'आमच्याकडे शंभर टक्के लसीकरण' अशी फुग्यांची माळ लावून ठेवली होती. नको म्हणणाऱ्यांना शंभरातून आधीच वगळले की शंभर टक्के गाठणे फारसे अवघड नसते. त्या फुग्यांखालीच तिने सम्झनाला गाठले.

"मेलेल्या माणसाला लस टोचता येत नाही," लिऑनी म्हणाली. "म्हणजे तू टोचलीच नाहीस आणि टोचली म्हणून नोंदवलीस. सोमवारी मी नर्सांच्या नोंदणी मंडळाला लिहिणार. आमच्या घराचं नाव खराब होता कामा नये."

"मॅडम, माझी नोंदणी गेली तर मी करू काय? दुसरं काही येत नाही मला."

"ते तू टोचण्याआधी बघायचं होतंस."

सम्झना बाहेर येऊन गाडीला टेकून उभी राहिली. समोर वाळूच्या टेकड्या होत्या. त्यांच्या बिळांत मटनबर्ड नुकतेच परतले होते. हे पक्षी ईस्टरच्या सुमारास समुद्रापार निघून जातात आणि वसंतात नेमक्या आपापल्या जुन्या बिळात परत येतात. तिन्हीसांजेला ते ओरडतात तेव्हा पाळण्यात टाकून दिलेली पोरे रडताहेत असे वाटते. टर्न पॉइंटमध्ये यंदा सगळ्यांचे एकच म्हणणे होते: पक्षी परत आले, आणि डल्सीही आली.

कारण कोपऱ्यातल्या तिच्या रिकाम्या खोलीतून नर्सला बोलवायची घंटा वाजायची. दारावरचा लाल दिवा लागायचा. कोणी धावत जावे तर आत कोणी नाही. सफाईवाली खुर्ची टीव्हीकडे तोंड करून ठेवायची, ती दुसऱ्या दिवशी खिडकीकडे वळलेली असायची. खोली घ्यायला दोन कुटुंबे येऊन गेली. दोघांनी खुर्ची ओढून पाहिली आणि दोघांसमोर घंटा वाजली. दोन्ही म्हाताऱ्यांनी, आम्ही पोरांकडे सुखी आहोत, असे जाहीर केले. पोरांची तोंडे बघण्यासारखी झाली होती.

"सार्जंट," मर्ल चाके फिरवत क्लेमजवळ आली. "जन्मभर मेंढ्या शोधल्यास. आता एक भूत शोध. नाहीतर ती पोर फुकट मरेल."

"भूत सापडलं तर त्याला ठेवू कुठे?"

"डल्सीच्या खोलीत. भाडं सुरूच आहे म्हणे तिचं."

क्लेम हसला नाही. डल्सीबरोबर तो रोज दुपारी घोड्यांच्या शर्यती पाहायचा आणि रोज भांडायचा. ती गेल्यापासून त्याला घोड्यांत राम वाटत नव्हता. खरे सांगायचे तर भूत खरे निघावे असे त्याला कुठेतरी वाटत होते. तपास करणाऱ्याने असे वाटून घेऊ नये, म्हणून तो उठला.

३

पहिली साक्ष सम्झनाची. ती गाडीतच घेतली.

"फोटो पाहिला होतास ना तिचा?"

"पाहिला होता. पण सार्जंट, तुमच्याकडे दर गुरुवारी केस करायला ती बेव्हर्ली येते. ती सगळ्या आज्यांच्या डोक्यावर एकच फुलकोबी उभी करते. फोटोत फुलकोबी, खुर्चीत फुलकोबी, आणि मध्ये मास्क. मी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. दोन्ही बरोबर सांगितली."

जन्मतारखेत काही अर्थ नव्हता. टर्न पॉइंटमध्ये प्रत्येक वाढदिवसाला केक कापला जाई आणि कोण केवढे झाले ते फळ्यावर लिहीत. डल्सीची तारीख मांजरालासुद्धा पाठ होती.

"दारावर काही होतं?"

"जांभळं कागदी फुलपाखरू होतं. गोड होतं. मला वाटलं, ईस्टरची सजावट."

क्लेमने डोळे मिटले. कोणी गेले की या घरात त्याच्या दारावर जांभळे फुलपाखरू लावत. नातेवाईक सामान नेईपर्यंत ते तसेच असे. घरात हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून बाहेरच्या माणसाला सांगायचे कोणालाच सुचले नव्हते. ईस्टरच्या सुट्टीआधी लिऑनीने नावे पाठवली, सुट्टीत डल्सी गेली, आणि सुट्टीनंतर सम्झना मेलेल्या बाईच्या दारावर टकटक करून आत शिरली.

"आत शिरल्यावर काय दिसलं? सगळं सांग."

"हिरवा लोकरी कोट घातलेल्या आजी. बाही आधीच वर केलेली. मला पलंग आणि खुर्ची यांच्यामधून अंग चोरून जावं लागलं, कारण खुर्ची खिडकीला अगदी चिकटवलेली. बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, 'यावर हिवाळा निघेल ना?' म्हटलं, निघेल. मग माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही."

डल्सीची खुर्ची तिच्या हयातीत टीव्हीपासून वीतभर हललेली नव्हती. खिडकीकडे तर ती ढुंकूनही बघत नसे. खिडकीबाहेर घोडे नव्हते.

पुढची साक्ष वूलाची. "मला काय विचारतोस? मी माझी सुई माझ्या नावाने घेतली. देवाचं नाव घेत घेतली!"

हे खरे होते. वूला सुई पाहिली की देवमाता आणि झाडून सगळ्या संतांना हाका मारायची. त्या मंगळवारी तिची किंकाळी स्वयंपाकघरात ऐकू येऊन कोणाच्यातरी हातून अंड्यांचा ट्रे पडला होता.

"डल्सीची घंटा तुझ्या भिंतीपलीकडेच वाजते. केव्हा वाजते?"

"दुपारच्या चहाआधी. पण पावसात नाही हं. पाऊस असला की येत नाही ती. जिवंतपणीसुद्धा भिजायची नाही बिचारी."

क्लेमने हे वाक्य मनात टिपून ठेवले. बंद खोलीतल्या भुताला पावसाचे काय?

मर्लला विचारण्यात अर्थ नव्हता. तिला पलंगावरून खुर्चीत हलवायला दोन माणसे लागत. पण हिरव्या कोटाचे तिने सांगितले. "त्या खोलीतच आहे तो, कपाटात. डल्सीची पोरगी न्यायला विसरली. मी मागितला तर लिऑनी म्हणते, नियमात बसत नाही. मी तरी कुठे त्यात बसणार होते म्हणा!"

राहिली एनिड पास्को. ही त्या बाजूची सगळ्यांत गरीब गाय. दिवसभर विणायची, शब्दकोडे सोडवायची आणि कोणी बोलले तर हसायची. तिचा नवरा विन्स याच घरात होता, पण मागच्या कुलूपबंद विभागात. त्याला काही आठवत नसे. भेट फक्त रविवारी, कारण ती उठून निघाली की तो रडायचा आणि आवरायचा नाही.

"आज सुई घेतलीस, एनिड?"

"नाही. ग्रँट नको म्हणतो." ग्रँट हा मुलगा, दूर क्वीन्सलंडला. "त्याचा या लशींवर विश्वास नाही. लिऑनी दर वेळी त्याला विचारते, तो दर वेळी नको म्हणतो. पुन्हा विषय काढला तर आईला इथून घेऊन जाईन, असंही म्हणतो."

"आणि तू काय म्हणतेस?"

एनिडच्या सुया थांबल्या. या घरात राहून तिला हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकू आला असावा, अशा नजरेने तिने क्लेमकडे पाहिले. मग ती नेहमीसारखी हसली.

"मी काय म्हणायचं!"

बाहेर ऊन पडले होते. आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या दारावरचा लाल दिवा लागला. घंटा वाजू लागली. एनिड क्लेमच्या समोरच बसलेली होती.

४

क्लेम काठी टेकत जमेल तेवढ्या वेगाने धावला. म्हणजे त्याच्याआधी दोन नर्स आणि मर्ल पोहोचल्या.

आत सफाईवाली उभी होती, पांढरीफटक. "मी फक्त खुर्ची हलवली!" ती म्हणाली. "पुन्हा खिडकीकडे वळली होती, म्हणून सरळ करत होते."

क्लेम गालिच्याकडे बघू लागला. टीव्हीसमोर खुर्चीच्या पायांचे जुने, खोल वळ होते. खिडकीपाशी दुसरे, नवे, पण तेही बऱ्यापैकी खोल. एखाद्या दिवसात असे वळ पडत नाहीत. घंटेचे बटण एका तारेला लावलेले असे आणि सफाईवाली ती तार खुर्चीच्या हाताला गुंडाळून ठेवी. खुर्ची वळवली की तार ताणली जाई, आणि तार ताणली की घंटा वाजे.

"म्हणजे भूत नाही?" मर्ल हिरमुसली.

"खुर्ची आपण होऊन वळत नाही, मर्ल."

तो खिडकीपाशी गेला. खाली मागच्या विभागाचे कुंपण घातलेले अंगण होते. दुपारी ऊन असले की तिथल्या लोकांना चहाआधी तासभर बाहेर बसवत. पाऊस असला की आतच ठेवत. आता बाकावर एक उंच म्हातारा बसला होता. त्याच्या गळ्यात हाताने विणलेला मफलर होता आणि तो बंद फाटकाकडे टक लावून बघत होता.

क्लेम परत आला तेव्हा एनिड विणतच होती. त्याच लोकरीचे.

"किती दिवस बसतेस तिथे?" त्याने हळूच विचारले.

तिने नाही म्हटले नाही. "डल्सी होती तेव्हापासून, तू शर्यतींना यायच्या आधी. आता घंटा वाजली की न्हाणीघरात शिरते आणि नर्स गेली की पुन्हा बसते. डल्सी म्हणायची, बस हवी तर, पण माझ्या घोड्यांच्या आड येऊ नकोस." टाका घालत ती म्हणाली, "दोन आठवडे आधी सुई मिळाली असती तर डल्सी वाचली असती, असं सगळे म्हणत होते. आणि मंगळवारी तिची सुई येणार होती. ती नव्हती. वाया गेली असती रे."

"तेवढ्यासाठी?"

"मला त्याच्याआधी मरायचं नाही, सार्जंट. तो वाट बघतो. कोणाची ते त्याला ठाऊक नाही, पण बघतो. मी गेले तर नुसतं फाटक उरेल."

तिने त्याचा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता.

"ग्रँटला कळलं तर तो मला घेऊन जाईल," ती म्हणाली. "तू सांगणार का?"

क्लेमपुढे दोन बायका होत्या. गप्प बसावे तर एकीची भाकरी जाते. बोलावे तर दुसरीचा नवरा. मेंढ्यांचा धंदा सोपा होता.

५

रविवारी दुपारच्या चहाला क्लेमने लिऑनीला बोलावले, सम्झनाला बोलावले. बाकीचे न बोलावता आले.

"सम्झना खोटं बोलत नाही," त्याने सुरुवात केली. "ती म्हणाली, खुर्ची खिडकीला चिकटवलेली होती. डल्सीची खुर्ची नेहमी टीव्हीकडे, हे आपल्याला माहीत. पण ती मेल्यावर खुर्ची वळू लागली, हे सम्झनाला ठाऊक असायचं कारण नाही. त्या मंगळवारनंतर ती त्या खोलीत गेलेलीच नाही. म्हणजे तिने पाहिलं तेच सांगितलं. तिथं खरंच कोणीतरी बसलं होतं, आणि त्याला ती सुई हवी होती."

"कोण?" लिऑनीने विचारले.

"वूला नव्हे, तिची किंकाळी अख्ख्या घराला ऐकू येते. मर्ल नव्हे, तिला कोण उचलणार? या दोघींना आपापली सुई मिळाली होती. मग दुसऱ्याच्या नावाची सुई कोणाला लागेल? जिला स्वतःच्या नावाने मिळत नाही तिला. खुर्ची खिडकीकडे कोण वळवेल? जिचं कोणीतरी त्या अंगणात बसतं ती. भूत पावसात येत नाही, कारण पावसात अंगण रिकामं असतं."

इथे क्लेम थांबला. त्याने चहाचा घोट घेतला. तो निवला होता, तरी घेतला. नाव त्याने उच्चारले नाही. सम्झनाला सगळे कळले होते. एक शब्द बोलली असती तर तिची सुटका होती. ती आपल्या चहाच्या कपाकडे बघत राहिली.

"मी होते," एनिड म्हणाली.

आवाज एवढा बारीक होता की वूलाने "काय म्हणाली?" म्हणून विचारले. एनिडने विणकाम खाली ठेवले. "मी होते! डल्सीचा कोट घालून मी बसले होते. या पोरीचा काही दोष नाही."

लिऑनीने फोन काढला. "ग्रँटला कळवावं लागेल."

"का?" क्लेमने विचारले.

"का म्हणजे? मुलगा आहे तो."

"मुलगा आहे, मालक नाही. मेंढीच्या कानात मालकाचा बिल्ला असतो, लिऑनी. एनिडच्या कानात ऐकायचं मशीन आहे. हिवाळ्यात तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा सही कोणी केली?"

"तिनेच. डॉक्टर म्हणाले, तिचं डोकं शाबूत आहे, तिनेच करायची."

"म्हणजे डोळा तिचा आणि दंड ग्रँटचा?"

लिऑनीने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"डोकं शाबूत आहे त्याचा होकार त्यानेच द्यायचा," क्लेम म्हणाला. "तुझ्याच स्वागतकक्षात चौकटीत लावलंय ते. कुंडीच्या मागे आहे, म्हणून दिसत नाही. मेलेल्या डल्सीचा होकार तुमच्या यादीत तसाच राहिला, आणि ही बाई रोज तुमच्यासमोर बसून शब्दकोडी सोडवते, हिला कोणी विचारलं?"

बाहेर टेकड्यांवर एक पक्षी अवेळीच ओरडला.

सम्झना उठली आणि एनिडसमोर गुडघ्यांवर बसली. "आजी," ती म्हणाली, "लस हवी का तुम्हाला?"

"हवी," एनिड म्हणाली. "आणि क्वीन्सलंडला जायचं नाही मला. तेही लिहून घे कुठेतरी."

६

सोमवारी पत्र गेले, पण त्यात भूत नव्हते. नर्सने चुकीच्या बाईला टोचले, कारण घराने मेलेल्या बाईचे नाव यादीतून काढले नाही, आणि फुलपाखराचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. दोन चुका शेजारी शेजारी मांडायच्या म्हटल्यावर लिऑनीची भाषा एकदम नरम झाली. सम्झनाला लेखी समज मिळाली आणि नोंदणी राहिली. ग्रँटने फोनवर बराच आरडाओरडा केला. एनिडने मशीन कानातून काढून ठेवले आणि तो दमल्यावर परत घातले.

मग एका गुरुवारी सम्झना आली. एनिड आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत, आपल्या कोटाची बाही वर करून बसली होती. बेव्हर्ली नुकतीच येऊन गेल्याने फुलकोबी ताजी होती.

"मास्क जरा खाली करा, आजी," सम्झना म्हणाली. ती आता सगळ्यांनाच करायला लावी. "नाव?"

"एनिड मार्गारेट पास्को."

एकदा विचारण्या-सांगण्याची सवय लागल्यावर एनिडने लिऑनीला आणखी एक विचारले होते. त्यामुळे त्या दुपारी अंगणाचे फाटक उघडले आणि ती आत गेली. क्लेम वर डल्सीच्या खोलीत, खिडकीशी ओढलेल्या खुर्चीत बसून बघत होता. खिडकी उघडी होती.

विन्सने बाकावर सरकून जागा दिली. बाईमाणसाला जागा द्यायची, एवढे त्याला आठवत होते.

"तू कोण गं?" त्याने विचारले.

"एनिड."

"अरे वा! माझ्या बायकोचंही नाव एनिड." तो पुन्हा फाटकाकडे बघू लागला. "बरेच दिवसांत आली नाही ती."

एनिडने त्याचा मफलर नीट केला. "येईल," ती म्हणाली. "तोवर मी बसते."

मग पाऊस आला. बारीक, समुद्रावरून तिरपा येणारा. नर्सांनी सगळ्यांना आत नेले. एनिडलाही नेले, विन्सच्या हाताला धरून, आणि अंगण रिकामे झाले.

क्लेम उठला. त्याने खुर्ची वळवून जुन्या वळांवर टीव्हीसमोर नेमकी बसवली. तार तो आल्याबरोबरच खुर्चीवरून सोडवून उशीवर ठेवून बसला होता, त्यामुळे ताणली जायचा प्रश्न नव्हता. त्याने टीव्ही लावला. घोडे फाटकाशी येऊन उभे होते. आवाज अगदी बारीक ठेवून तो दाराशी गेला.

मागे घंटा वाजली.

क्लेम थांबला. डोक्यावरचा दिवा लाल झाला होता. बाहेर पाऊस पडत होता. त्याने वळून पाहिले नाही. जमिनीकडेही पाहिले नाही.

"आवाज वाढवू का गं?" त्याने विचारले.

विचारलेले बरे.